अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाचा गोल

तोपोलित्सा, ९ मार्च २०२६
जावक क्रमांक १
प्रति, श्री. ओब्रेन, केशकर्तनालय, पुलापलीकडे
विषय: इतिवृत्ताची पहिली वही परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या 'म्लिनार' फुटबॉल क्लबला येत्या सप्टेंबरात शंभर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त क्लबचा सचित्र इतिहास छापायचं ठरलं आहे. इतिहास समितीत तिघे आहेत: अध्यक्ष वेलिबोर, जे दातांचे डॉक्टर आहेत, मिलिसाव मास्तर, जे बैठकीला येतात आणि झोपतात, आणि मी, क्लबचा चिटणीस, जो सगळं लिहितो. क्लबच्या स्थापनेची वही १९८४ पासून आपल्या ताब्यात असल्याचं समजतं. ती न मिळाल्यास पहिली वीस वर्षं ऐकीव माहितीवर लिहावी लागतील. तरी सदर वही पोस्टवाल्या ग्रोज्दानाबाईंकडे सुपूर्द करावी, ही विनंती.

जाऊ दे रे ओब्रेन, मला हे 'आपण-बिपण' जमत नाही. माझ्या लग्नात माझ्या डोक्यावर मुकुट धरून तू उभा राहिलास. माझ्या लेकराचं, म्लादेनाचं, नाव तू ठेवलंस. माणूस सख्ख्या भावाशी अबोला धरतो, लग्नाच्या साक्षीदाराशी, आपल्या कुमाशी, धरत नाही. आणि आपण बेचाळीस वर्षं धरलाय. मध्ये फक्त पूल आहे. ग्रोज्दाना मला म्हणाली, "अहो तिहोमिरकाका, पत्र कशाला टाकताय? पुलावर उभं राहून हाक मारा, मला तेवढीच एक चढण कमी." मी तिला सांगितलं, बाई, हे कार्यालयीन काम आहे.

तुझ्या आजोबांचं प्रकरण मी लिहून काढलंय. ते गिरणीसाठी जात्याचा दगड आणायला गेले होते आणि दगडाऐवजी चेंडू घेऊन आले. पंधरा दिवस गावाला पीठ मिळालं नाही, पण क्लब निघाला. पहिले गोलचे खांब त्यांनी वाळुंजाच्या ओल्या लाकडाचे ठोकले आणि वसंतात त्यांना पालवी फुटली. दर सामन्याआधी गोल छाटून घ्यावा लागायचा. पहिला सामना आपण अकरा-शून्य हरलो, कारण गोलकीपर पाद्रीबाबांचा धाकटा भाऊ होता आणि चेंडू येताना दिसला की आधी क्रूस काढायचा. हे सगळं खरं आहे ना? का आपल्या बापांनी आपल्याला थापा मारल्या? वहीत असेल. म्हणून वही हवी.

१९८४ साल मी एका ओळीत उरकलंय, त्याची काळजी करू नकोस.

तुझा (क्लबच्या वतीने)
तिहोमिर


१९ मार्च

ओब्रेन,

बेचाळीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, कोंबडी चालून गेल्यासारखं. "आधी ती एक ओळ पाठव, मग वहीचं बघू." इतकंच? खुशाली नाही, तुझ्या देसांकावहिनीची विचारपूस नाही? ती तुझं कार्ड वाचून म्हणाली, "निदान 'तुझा' तरी लिहायचं होतं." मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. आता ती तुझ्यावर आपटली की माझ्यावर, ते मी विचारलं नाही.

ही घे ओळ: "१९८४ च्या हंगामात काही दुर्दैवी परिस्थितीमुळे क्लबचा वरच्या लीगमधला प्रवेश थोडक्यात हुकला."

सभ्य आहे की नाही? तुझं नाव नाही, काही नाही. वेलिबोर डॉक्टरांना तर तुझा फोटो टाकून खाली सगळी हकीकत द्यायची होती. मी म्हटलं, नको, माणूस अजून जिवंत आहे. खरं सांगतो, गावाने तुझी फार चेष्टा केली. आपल्या इथे कुणाचा नेम चुकला की लोक म्हणतात, "ओब्रेन केला." डॉक्टरांनी परवा मिलिसाव मास्तरांची चांगली दाढ उपटली आणि किडकी तशीच राहिली. मास्तर तोंडातलं रक्त पुसत म्हणाले, "डॉक्टर, ओब्रेन केलात." पंचवीस वर्षांच्या पोरांनाही हा शब्द माहीत आहे, आणि तो एका माणसाचा आहे हे मात्र त्यांना माहीत नाही. एका पोराने मला विचारलं, ओब्रेन हा तुर्की शब्द आहे का?

आणि तू न्हावी. सगळं गाव तुझ्या खुर्चीत बसून, गळ्याशी तुझा वस्तरा असताना, तुलाच ते ऐकवायचं. एकाचाही कान तू कापला नाहीस, हे मी इतिहासात लिहिणार होतो. डॉक्टरांनी खोडलं.

तुला तो दिवस आठवतोच. १० जून, रविवार, 'रातार'शी शेवटचा सामना. जिंकलो तर वर, बरोबरी झाली तर इथेच. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला तू डाव्या पायाने खालून मारलास. पंचाने पाहिलं तेव्हा चेंडू गोलच्या मागे खाजऱ्या झुडपात पडला होता. म्हणजे बाहेरून गेला. जाळी व्यवस्थित होती, मी स्वतः सकाळी तपासली होती. जाळ्यांची जबाबदारी माझ्याकडेच होती आणि मी ती तपासली होती. मग तू मैदानाच्या मध्यभागी गुडघे टेकून भाकरीची शपथ घेतलीस की चेंडू आतून गेला. लोक हसले. मला वाईट वाटलं रे.

एवढंच. आता वही पाठव.

तिहोमिर

ता. क. मैदानावरच्या प्रेक्षकांच्या स्टँडला माझं नाव द्यायचं घाटतंय. मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं.


२ एप्रिल

कुमा,

माझी ओळ तू लाल पेन्सिलने गोल करून परत पाठवलीस. "कोणती परिस्थिती?" आणि खाली, "एका पत्रात जाळी तीनदा का?"

हे बघ, मी चिटणीस आहे, मी तपशील लिहितो. जाळीबद्दल तीनदा लिहिलं कारण जाळी महत्त्वाची असते. समजा, नुसतं समजा हं, जाळीला कुठे एखादं भोक असेल. उंदीर असतात. गोदामात उंदीर फार होते, गिरणीचं गोदाम होतं ते. मी १९८३ मध्ये उंदरांविषयी अध्यक्षांना लेखी कळवलं होतं, त्याची प्रत माझ्याकडे आहे. आता उंदराने खाल्लेल्या भोकाला चिटणीस काय करणार?

तू न्हाव्याचा पोलीस कधी झालास? लाल पेन्सिल हातात आली म्हणून तू काहीही विचारणार? मी त्या क्लबसाठी पन्नास वर्षं घासलीत. मैदानावरच्या चुन्याच्या रेघा मी मारल्या. १९९३ मध्ये चुना नव्हता तेव्हा पिठाने मारल्या आणि मध्यंतरात कबुतरांनी पेनल्टीची जागा खाऊन टाकली. तेव्हा कोण होतं? मी होतो. तू पुलापलीकडे लोकांच्या मिशा कापत होतास.

ग्रोज्दाना म्हणाली की तू घर विकलंस. चौदा जूनला परदेशी, लिंट्सला लेकीकडे कायमचा चाललास. हे मला पोस्टवालीकडून कळावं? मी म्हटलं, "जाऊ दे, मला काय त्याचं?" आणि पुलापर्यंत चालत गेलो. मधोमध उभा राहिलो. तुझ्या दुकानावरची पाटी काढलेली दिसली. मग परत आलो, गुडघा दुखत होता.

इथे देसांका वाचतेय मागून. म्हणते, "त्याला सांग ना एकदाचं." मी म्हटलं, काय सांग?

तिहोमिर


१३ एप्रिल, ईस्टरचा दुसरा दिवस

कुमा ओब्रेन,

काल नातीने अंड्यावर अंडं आपटून माझी सहा लाल अंडी फोडली. एक शिल्लक राहिलं, ते फोडायला समोर कोणी नव्हतं. लहानपणी तू माझी फोडायचास. तू लाकडाचं अंडं रंगवून आणायचास, हे मला १९६९ मध्ये कळलं, पण मी कोणाला सांगितलं नाही. म्हणजे मलाही गप्प बसता येतं. चांगल्या कारणासाठीसुद्धा.

आता लिहितो. अर्धा पेला राकिया घेतलाय, पूर्ण नाही, म्हणजे नंतर म्हणता येणार नाही की नशेत लिहिलं.

जाळी मी कापली.

त्या वर्षी आमच्या चेरीला पहिल्यांदा बहर धरला. लग्नात देसांकाच्या वडिलांनी दिलेलं झाड, आठ वर्षं नुसतं पानं मिरवत होतं. आणि भोरड्या आल्या. थव्याने. सकाळी एक फांदी, संध्याकाळी दुसरी. देसांका रोज खाली उभी राहून टाळ्या वाजवायची आणि रडायची. म्हणाली, "एवढ्या मोठ्या क्लबचा तू चिटणीस, आणि तुझ्या बायकोला मुरांब्यापुरती चेरी मिळत नाही." सामन्याआधीच्या गुरुवारी मी मैदानावर गेलो. नदीकडच्या गोलची जाळी खालून, डाव्या खांबाजवळ, दोन हात बाय तीन हात कापली आणि चेरीवर टाकली. अलीकडून गवत वाढलेलं, दिसायचं नाही. वाटलं, शनिवारी सुतळीने शिवून टाकू. शनिवारी गिरणीत पाहुणे आले, डायरेक्टरने बकरू भाजलं, आणि मी विसरलो. खरंच विसरलो, ओब्रेन. इथपर्यंत माझा गुन्हा नुसत्या गाढवाचा आहे.

पुढचा नाही.

तू मारलास आणि मी पाहिलं. मी गोलच्या मागेच उभा होतो. चेंडू आत आला, माझ्या भोकातून बाहेर गेला, माझ्या पायाला लागून झुडपात पडला. आपल्या अख्ख्या गावात दोघांनाच ठाऊक होतं की गोल झाला: तुला आणि मला. पंच धावत यायला लागला जाळी बघायला. आणि मी दोन पावलं टाकली आणि भोकाला पाठ लावून उभा राहिलो. हात मागे बांधून. पंच म्हणाला, "जाळी ठीक आहे का चिटणीस?" मी म्हटलं, "ठीक आहे." तू भाकरीची शपथ घेत होतास तेव्हाही मी तिथेच होतो. तुला खांद्यावर घ्यायला आलेले लोक तुझ्यावर थुंकून गेले तेव्हाही. मैदान रिकामं होईपर्यंत मी हललो नाही. मग खिशातली सुतळी काढली आणि शिवलं. सुतळी खिशात होती, कुमा. शनिवारपासून खिशातच होती.

गिरणीचा डायरेक्टर क्लबचा अध्यक्ष होता. माझी नोकरी गेली असती, गिरणीचं घर गेलं असतं. हे कारण आहे, सबब नाही. का सबबच आहे, मला आता कळत नाही.

मला माफ कर. इतकी वर्षं लाज वाटत होती. आता भीती वाटते की तू जाशील.

तिहोमिर


११ मे

कुमा,

तुझं कार्ड आलं: "मला सांगून काय उपयोग? मला जिथे हसले तिथे सांग." बरोबर आहे. सहा मेला आमच्या घरच्या संताचा दिवस झाला, स्लावा. त्याला बोलावणं करत नाहीत, ज्याला यायचं तो येतो, म्हणून मी दर वर्षी दार उघडं ठेवतो आणि तू दर वर्षी येत नाहीस. यंदा दुपारभर दाराकडे पाहिलं. मग ठरवलं, आधी काम, मग तुला तोंड दाखवायचं.

काल क्लबची सर्वसाधारण सभा होती. सत्तर माणसं आली, कारण नंतर माशाचं कालवण होतं. वेलिबोर डॉक्टरांनी माझ्या स्टँडचा ठराव मांडला. टाळ्या झाल्या. मी उठलो आणि म्हटलं, "थांबा. १० जून १९८४ ला ओब्रेनने गोल केला होता. जाळी मी कापली होती, चेरीसाठी. आणि भोक मी पाठीने झाकलं."

मला वाटलं, आता मारतात. मी चष्मा काढून खिशात ठेवला.

आणि डॉक्टर उठले, डोळ्यांत पाणी! म्हणाले, "मित्रांनो, बघा. याला म्हणतात कुम. मित्र गाव सोडून चाललाय, त्याच्या अब्रूसाठी हा म्हातारा स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोय!" आणि लोक उभे राहिले, ओब्रेन! उभं राहून टाळ्या! मी ओरडलो, "अहो, खरं सांगतोय!" तर मागून एक म्हणाला, "किती छान सांगतोय बघा." मिलिसाव मास्तर जागे झाले आणि म्हणाले, "मी या डोळ्यांनी पाहिलं, चेंडू दोन मीटर बाहेरून गेला." मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही त्या वर्षी पोटाच्या ऑपरेशनसाठी बेलग्रेडला होतात!" तर म्हणतात, "ऑपरेशनच्या आधी पाहिलं." ऑपरेशन मार्चमध्ये झालं होतं.

मी पुरावा नेला होता. जाळीचा तुकडा. देसांका अजून तो झाडावर टाकते, अर्धा कुजलाय, पण आपली जाळी गिरणीच्या पोत्यांच्या ज्या निळ्या सुतळीने विणली होती, ती स्पष्ट दिसते. मी तो वर धरला. डॉक्टर हसून म्हणाले, "तिहोमिर, गिरणीची निळी सुतळी कुणाच्या घरी नाही?" सत्तरपैकी सत्तर माणसांनी माना खाली घातल्या, कारण ती कुणीच विकत घेतलेली नव्हती. विषय तिथेच संपवला सगळ्यांनी.

आता स्टँडवर पाटी लागणार: "तिहोमिर, चिटणीस आणि आदर्श कुम." दगडात कोरायला दिलीय.

बेचाळीस वर्षं मी गप्प उभा राहिलो तर सगळ्यांनी विश्वास ठेवला. आता बोंबलतोय तर कोणी ठेवत नाही. तू ये, कुमा. तू आणि मी मिळून सांगू. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना मानावंच लागेल. एकदा ये आणि सर्वांसमोर माझ्याकडे बोट दाखव. मी मान खाली घालीन.

तिहोमिर


[ओब्रेनचं पत्र]
पुलापलीकडे, २० मे

तिहोमिर,

मला लिहायची सवय नाही, म्हणून एकदाच लिहितो.

सभेत काय झालं ते तुझं पत्र यायच्या आधीच मला कळलं. ग्रोज्दाना येऊन नकला करून गेली. डॉक्टर रडतात ते तिला फार छान जमतं. मी इतका हसलो की वस्तरा लागू नये म्हणून ज्याची दाढी करत होतो त्याला उठवून बसवावं लागलं. माझ्या खुर्चीत शेवटचं गिऱ्हाईक होतं ते, आणि ते म्हणालं, "तिहोमिर भला माणूस आहे, तुमच्यासाठी खोटं बोलला." मी म्हटलं, "हो, भला आहे," आणि साबण लावला.

मी येणार नाही. कुमावर बोट दाखवायचं असतं तर तेव्हाच दाखवलं असतं.

मला माहीत होतं, तिहोमिर. त्या रविवारनंतरच्या मंगळवारी मी तुझ्याकडे भांडायला आलो. तू माझ्या बाजूने एक शब्द का बोलला नाहीस, हे विचारायला. तू न्हाणीघरात लपलास आणि देसांकाला सांगितलंस, घरी नाही म्हण. तुझे बूट दारात होते. तिने रीतीप्रमाणे बशीत चमचाभर मुरांबा आणि पेलाभर पाणी आणलं. चेरीचा, ताजा, अजून कोमट. मी अंगणात उभ्याने खाल्ला आणि वर पाहिलं. झाडावर आपली जाळी. माझ्या आईने विणलेली, तिची गाठ मला कळत नाही का? देसांकाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हटलं, "मुरांबा छान झालाय, वहिनी," आणि निघून आलो.

सांगितलं असतं तर तुझी नोकरी गेली असती आणि लोकांनी तुला नदीत घातलं असतं. मला काय, न्हावी माणूस, लोक हसले तरी केस वाढतातच. म्हटलं, दोन दिवसांत स्वतः येऊन सांगेल. मग म्हटलं, आठवड्यात. मग म्हटलं, स्लावाच्या आधी. मग मलाच राग आला आणि त्या रागाची सवय झाली. आमच्या घराण्यात सगळे हट्टी आहेत, माझा आजोबा दगडाऐवजी चेंडू घेऊन आला होता आणि मरेपर्यंत म्हणत राहिला की तेच आणायला गेला होता.

मला गोल नको होता. तू सांगायला हवं होतंस. तू सांगितलंस. माझं झालं.

वही ग्रोज्दानाबरोबर पाठवतोय. पानं सुटी आहेत, जपून उघड. पालवीचं खरं आहे. क्रूसचंही खरं आहे, पण सामना अकरा नाही, तेरा-शून्य होता. इतिहासात तुझी ती जुनी ओळ राहू दे, 'दुर्दैवी परिस्थिती'. तुझी नात वाचेल उद्या ते पुस्तक. तिला कशाला?

ओब्रेन


२२ मे

गाढवा!

तुला माहीत होतं! मुरांबा खाल्लास आणि माहीत होतं! मी बेचाळीस वर्षं तुला रस्त्यात पाहून गल्ली बदलली, केस बायकोकडून कापून घेतले, माझ्या कानामागे तिने काय केलंय ते ये आणि बघ! आणि तू पुलापलीकडे ऐटीत बसून वाट बघत होतास! देसांकालाही माहीत होतं की तुला माहीत आहे! काल तिला विचारलं तर म्हणते, "तुम्ही दोघं मोठी माणसं, मी कशाला मध्ये पडू?" माझ्याच घरात मी एकटाच मूर्ख होतो.

वही मिळाली. तेराच आहेत. मी रडलो, ते तेरा गोलांमुळे नाही.

पण ऐक. जुनी ओळ राहणार नाही. मी आज सकाळी छापखान्यात गेलो. पुस्तकात माझा पानभर फोटो होता, टाय लावलेला. तो काढायला लावला आणि त्या जागी हे दिलं:

"१० जून १९८४, तोपोलित्सा. म्लिनार–रातार १:०. गोल: ओब्रेन, ८८ वे मिनिट. पंचांनी गोल दिला नाही, कारण चेंडू जाळीच्या भोकातून बाहेर गेला. ते भोक चिटणिसाने पाडलं होतं आणि स्वतःच्या पाठीने झाकलं होतं. ही नोंद चिटणिसाने केली आहे."

वेलिबोर डॉक्टर धावत आले, म्हणाले, मैत्रीपायी इतिहास खोटा करता येणार नाही. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही दातांचं बघा. ते सही करणार नाहीत म्हणाले. मी म्हटलं, नका करू, माझी एकट्याची पुरे. कोणी मानो न मानो, छापून येईल. माझी नात वाचेल ते बरंच आहे. तिला विचारायचं असेल तर मी अजून जिवंत आहे, समोर बसून सांगीन.

हे पत्र पोस्टाने येत नाहीये. ग्रोज्दाना म्हणाली, आता बास, माझे पाय मोडले. मी तुझ्या फाटकाशी उभा आहे आणि हे कुंपणाच्या खांबावर टेकवून लिहितोय. हाक मारणार होतो, पण हे कार्यालयीन काम आहे. तुझं कुत्रं केव्हाचं माझ्या विजारीचा पाय धरून बसलंय, सोडत नाही. चावत नाही, नुसतं धरलंय. हा कागद मी फाटकाखालून सरकवतोय.

लवकर ये. गोल झाला होता, ओब्रेन. मी पाहिला. फार सुंदर मारला होतास.

तिहोमिर